तीन ते पाच फक्त स्त्रियांसाठी

आमच्या गावच्या नगरपालिकेची बाग बघून कुणी तोंडात बोट घालावं असं तिच्यात काही नव्हतं. दगडी कुंपण, लोखंडी फाटक, आत थोडे कडुलिंब, दोन-तीन गुलमोहर, एक भलंमोठं उंबर, मेंदीच्या वेड्यावाकड्या रांगा आणि कुणा मोठ्या माणसाच्या हस्ते सुरू होऊन लगेच बंद पडलेलं कारंजं. कोपऱ्यात विहीर, तिच्यावर मोटर. मोटर चालू असली की पाटाने उंबरापर्यंत पाणी जायचं आणि पाटाच्या दोन्ही अंगांना गवत हिरवं राहायचं. फाटकावर पत्र्याची पाटी होती: दुपारी तीन ते पाच फक्त स्त्रिया व मुलांसाठी. ती कुणी लावली आणि का लावली हे कुणालाच सांगता यायचं नाही. पण माळी नियमाचा पक्का. तीन वाजले की पत्ते कुटत बसलेल्या पुरुषांना तो उठवायचा, आणि तेही कुरकुर करत का होईना, उठायचे.

मला झाडापानांचं वेड नाही. कुणी फुलांवर बोलायला लागलं की मला आजही जांभई येते. पण दुष्काळाच्या आठवणी निघाल्या आणि मी बागेचं नाव काढलं की समोरचा माणूस हमखास हसतो. माणसं खडी फोडत होती, रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खात होती आणि हिला बाग आठवते! तेव्हा माझं डोकं फिरतं. म्हणून एकदा सगळं नीट सांगून टाकते.

बहात्तर साल होतं. घरात आम्ही चौघं. आई, दादा, वहिनी आणि मी. वडील मी लहान असतानाच गेले. दादा एसटीच्या डेपोत कारकून. मी मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवायची, शाळा सकाळची. माझं लग्नाचं वय उलटून चाललेलं, त्यामुळे गल्लीत माझ्या नावाने रोज काहीतरी शिजायचं. घर म्हणजे एकामागे एक दोन खोल्या. पुढची रस्त्यावर उघडायची, म्हणून तिचं दार लावून घ्यायचं. मागच्या खोलीला खिडकी होती, पण ती उघडली की हातभरावर शेजाऱ्याची भिंत. चूलही त्याच खोलीत. दुपारी तिथे बसलेल्या बाईला बघायला धूर आणि भिंतीचे पोपडे, एवढंच.

वहिनी कोल्हारची. प्रवरेच्या काठी, उसाच्या मळ्यात वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही दिवस ती घरात सारखी मान वर करून बघायची. काय बघतेस म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "वन्सं, इथं आभाळ कुठनं दिसतं?" आम्ही सगळे हसलो होतो. तीही हसली होती. हसरीच होती ती.

त्या वर्षी माघात तिची मुलगी गेली. नुकती पालथी पडायला लागलेली पोर. ताप आला आणि दोन-तीन दिवसांत सगळं संपलं. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, मुलगीच होती, होईल पुन्हा. वहिनी रडली नाही. तिने भाकऱ्या थापल्या, भांडी घासली आणि काम संपलं की मागच्या खोलीत भिंतीला तोंड करून बसायला लागली. आधी तिचं जेवण गेलं, मग झोप गेली. माझ्या शेजारी अंथरुणावर ती टक्क जागी पडलेली असायची. हाक मारली तर "ओ" द्यायची, पण त्या "ओ"मध्ये कुणी नसायचं.

सासू म्हणून माझ्या आईला कुणी वाईट ठरवू लागलं, तर ते मी चालू देणार नाही. आईने सुनेसाठी जिवाचं रान केलं. मीठ-मोहऱ्या उतरवल्या, अंगारे आणले, भगताकडे नेलं, स्वतःच्या हाताने घास भरवले. आई जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या गावातली. दुष्काळ आणि वैधव्य दोन्ही गिळून उभी राहिलेली बाई. दुःख झालं की कामाला जुंपून घ्यायचं, एवढंच औषध तिला माहीत होतं. ते सुनेला लागू पडेना तेव्हा ती घाबरली.

शेवटी मीच वहिनीला मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. त्यांनी पापणी ओढून बघितली, नाडी बघितली, लाल औषधाची बाटली दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाटलीने रक्त वाढेल. पण हिला रोज घराबाहेर काढा. झाडं असतील तिथं न्या, चार बायकांचं बोलणं कानावर पडू दे. काही करायला लावू नका. नुसतं बसू द्या."

मी घरी येऊन हे सांगितलं, तर आई माझ्याकडे बघतच राहिली.

"नुसतं बसायला? भाईर?"

"बागेत ने म्हणाल्या."

"आगं, बसायला भाईर जायचं तर मानसानं घर कशाला बांधलं? आन बागंत काय चालतं ते मला ठावं हाय. सून बागंत बसली तर लोक माज्या तोंडात शेन घालतील."

यात आईचं काही वावगं नव्हतं. आमच्या गावाचा कायदाच तसा होता. बाईने बाहेर जायचं ते कामाला. पाण्याला जा, गिरणीत जा, देवळात जा, कुणाच्या बाळंतपणाला जा. कुणी विचारलं, कुठं गं निघालीस, तर सांगायला काम पाहिजे. बसणं हे काम नव्हे. म्हणून तीन वाजता बागेत येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात काहीतरी असायचं. कुणाच्या सुपात निवडायचे तांदूळ, कुणाच्या पिशवीत लोकरीचं अर्धं स्वेटर. बहुतेकींच्या मांडीवर मात्र कापूस असायचा. लक्षवातींचा कापूस.

लक्षवाती म्हणजे देवापुढे लाख वातींचा नवस. एकेक वात हाताने वळायची, शंभर झाल्या की जुडी बांधायची आणि डब्यात एक चिंचोका टाकायचा. चिंचोक्यांवरून हिशेब कळायचा. लाख पूर्ण झाल्या की उद्यापन करायचं आणि सगळ्या वाती तेलातुपात भिजवून महादेवापुढे जाळायच्या. नवस एकदा बोलला की घरातलं कुणी आडवं येत नाही. देवाचं काम. आणि वाती उजेडात, स्वच्छ जागी, चार सवाष्णींच्या संगतीत वळाव्यात असं बागेतल्या बायकांनी आपापल्या सासवांना पटवून ठेवलेलं होतं. कुठल्या पोथीत लिहिलंय ते त्यांनाच माहीत.

या सगळ्यांची म्होरकी एक आजी होती. उंबराच्या मुळीला टेकून बसायची, तोंडात कायम मिश्री. तिचा नवस कधीपासून चालू आहे हे तिच्या सुनांनाही आठवत नव्हतं. मी तिला एकदा विचारलं, "आजी, तुमच्या लाख वाती अजून झाल्या नाहीत?"

तिने डब्यातले मूठभर चिंचोके उचलले आणि माझ्यासमोर मेंदीत भिरकावून दिले. "हिशोब चुकला की पुन्ना मोजायचं. देवाला काय घाई न्हाई, बाई. घाई आपल्या सासवास्नी."

बाकीच्या खुदुखुदू हसल्या. मेंदीच्या मुळाशी चिंचोक्यांचा नुसता सडा पडलेला होता. तेव्हा मला कळलं की या गावात बाईला दुपारी दोन तास पाय पसरून बसायचं असेल तर देवाला मध्ये घ्यावं लागतं, आणि देवही त्या बाबतीत बायकांच्या बाजूचा होता.

मी वहिनीच्या नावाने लक्षवातींचा नवस बोलले. आईला एवढा आनंद झाला की तिने त्याच दिवशी गावाकडून कापूस मागवला, स्वतः बसून सरकी काढली, टोपलीला गेरूचा हात दिला. "व्हईल बरी आता," म्हणाली. "आता देवाच्या कानावर गेलंय."

पहिले काही दिवस वहिनी बागेतही सगळ्यांकडे पाठ करून बसली. वळलेली वात हातातच राहायची. मला वाटलं, फुकट गेला सगळा खटाटोप. मग एक दिवस तिने चपला काढल्या आणि पाटात पाय सोडले. मोटर चालू होती. पाणी घोट्यावरून जात होतं. ती पायांकडे बघत राहिली आणि बघता बघता रडायला लागली. माघानंतर पहिल्यांदा. मोठ्याने, लहान पोरीसारखी हुंदके देऊन. मी उठायला लागले, तर आजीने माझा पदर धरून खाली बसवलं. कुणी तिला गप्प कर म्हणालं नाही, कुणी पाठीवरून हात फिरवला नाही. बायका वाती वळत राहिल्या. तिचं रडून झालं तेव्हा एकीने डब्यातली गुळपापडी पुढे केली आणि तिने ती खाल्ली.

त्यानंतर ती तिथे झोपायला लागली. घरात रात्ररात्र न मिटणारे डोळे उंबराखाली गवतावर पडल्या पडल्या मिटायचे. आम्ही तिच्या टोपलीतल्या कापसाच्या वाती वळायचो, घरी दाखवायला काहीतरी हवं म्हणून. उंबराचं फळ टपकन अंगावर पडलं की ती कूस बदलायची आणि पुन्हा झोपायची. जाग आली की गालावर गवताचे वळ असायचे. मी दवाखान्याची बाटली नेमाने आणत होते, पण तिच्या गालावर रंग कशाने आला हे मला माहीत होतं.

एकटी वहिनीच कशाला? तिथे येणारी प्रत्येक बाई कसलं ना कसलं दुखणं घेऊन यायची. एकीचं डोकं चोवीस तास ठणकायचं, ते बागेत थांबायचं. अत्तरवाल्याची बायको फाटकाच्या आत आली की बुरखा काढून फांदीला टांगायची आणि मोठा श्वास घ्यायची. नवऱ्याचा मार खाल्लेली एक बाई काहीच न बोलता झाडांच्या कडेने चकरा मारायची, मग येऊन बसायची आणि गप्पांत सामील व्हायची. गावात दवाखाने होते, पण या दुखण्यांना तिथे केसपेपर निघत नव्हता. ज्येष्ठाच्या सुमाराला वहिनीने एकदा आजीची नक्कल केली, मिश्री लावण्याची. आम्ही पोट धरधरून हसलो आणि मला आतून एकदम हलकं वाटलं. वाचली ही, असं वाटलं.

पावसाने दगा दिला होताच. आदल्या वर्षीही त्याने हात आखडता घेतला होता. त्या वर्षी मृग गेला, आर्द्रा गेली, श्रावणात अंग पोळणारं ऊन. गावचा तलाव भेगाळला आणि नगरपालिकेने बागेची विहीर पिण्याच्या पाण्यासाठी घेतली. मोटर बंद झाली. पाट सुकला, गवत पिवळं पडलं, फाटकापासून विहिरीपर्यंत हंड्यांची रांग लागली. तरी उंबर होतं, लिंब होते. बायका उंबराखाली येत राहिल्या. रांगेतले पुरुष आता तीन ते पाचही आत असायचे आणि टोमणे मारायचे, "लोकांना प्यायला पानी न्हाई आन ह्या बसल्यात सावलीला." आजी त्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "देवाच्या वाती हायत रं बाबा, पावसासाठीच हायत." ते गप्प व्हायचे.

हेच वाक्य फिरत फिरत आईच्या कानावर गेलं. त्यात देवळात कीर्तन झालं आणि बुवांनी सांगितलं की बोललेला नवस अर्धवट राहिला की देव खोळंबून राहतो. आईने मनाशी गाठ मारली. पावसाचं न येणं, सुनेची कूस रिकामी राहणं, सगळं त्या न भरलेल्या टोपलीपाशी येऊन थांबतंय असं तिला वाटायला लागलं. ती कुणाला काही बोलली नाही. आम्ही दुपारी बागेत गेलो की ती कापूस घेऊन बसायची. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, बोटांची सालटी निघाली होती, पण वळायची. विधवेने वळलेल्या वाती देवाला चालतात, असंही तिने गुरवाला विचारून घेतलं होतं. शेजारच्या घरांत कापूस वाटून तिने आपल्या जुन्या मैत्रिणींना कामाला लावलं. वहिनीला यातलं काही माहीत नव्हतं आणि मलाही नाही.

दिवाळीच्या आसपास आम्ही एकदा बागेतून घरी आलो, तर पुढच्या खोलीत टोपल्या मांडलेल्या. पांढऱ्याशुभ्र जुड्यांनी शिगोशीग भरलेल्या. आई मध्ये बसलेली, चेहरा थकलेला आणि आनंदाने फुललेला.

"झाल्या गं पोरी," ती वहिनीला म्हणाली. "लाख पुऱ्या झाल्या. सुटलीस. आता त्रिपुरी पुनवंला उद्यापन करायचं आन मग घरात सुखानं बस. लई हिंडलीस उन्हातान्हात."

वहिनीने टोपलीकडे बघितलं, आईच्या बोटांकडे बघितलं. ती खाली वाकली आणि आईच्या पाया पडली. दुसरं ती काय करणार होती? मी मागच्या खोलीत जाऊन घटाघटा पाणी प्यायले. आईवर चिडावं तर तिने मायेपोटी डोळे जाळले होते. चिडले नाही तर वहिनीचं काय होणार ते मला समोर दिसत होतं.

त्रिपुरी पौर्णिमेला दादा आणि वहिनी जोडीने महादेवाच्या देवळात बसले. तूप कुठून मिळणार, करडईच्या तेलावर भागवलं. वाती पेटल्या तशी आईने पदर पसरून नमस्कार केला. वहिनीच्या तोंडावर उजेड पडला होता आणि तिच्या डोळ्यांत पुन्हा कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी म्हटलं, "चल वहिनी." आई म्हणाली, "आता कशाला?" मी म्हटलं, दुसरा नवस बोलू. आई म्हणाली, देवाला असं रोज उठून गळ घालत नसतात. मग मात्र माझा तोल गेला. मी सगळं सांगून टाकलं. ती देवासाठी जात नव्हती, बसायला जात होती, झोपायला जात होती, सगळ्याच बायका त्यासाठी जातात, चिंचोके फेकून देतात.

आईने रिकामी टोपली उपडी करून ठेवली. मग म्हणाली, "म्हंजी माज्या देवालाच शेंडी लावली तुमी. आन मी येडी, डोळं फोडून वाती वळत बसले."

त्यानंतर ती आम्हा दोघींशी कामापुरतंच बोलू लागली. दादाला मी मध्ये पडायला सांगितलं, तर तो म्हणाला, तुम्हा बायकांच्या भानगडीत मला ओढू नका. वहिनी भिंतीकडे तोंड करून बसली.

आणि मग बागही गेली. त्या हिवाळ्यात तिथे गुरांची छावणी पडली. कुंपण आयतं होतं, विहीर होती. घोडेगावच्या बाजारात गुरं मातीमोलाने जात होती, ज्यांना विकवेना ते गुरं घेऊन छावणीत आले. मी शाळेतून येताना बघायला गेले. फाटक काढून ठेवलेलं, मेंदी तुडवून गेलेली, जागोजाग खुंट आणि दावणी. चारा पुरेना म्हणून झाडांचा पाला उतरवत होते. एक माणूस उंबरावर चढून कोयत्याने डहाळ्या तोडत होता आणि खाली त्याचा बैल मान वर करून उभा होता. बैलाच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. काय म्हणणार होते मी त्या माणसाला? माझ्या वहिनीला सावली हवी, म्हणून तुझा बैल मरू दे? कुणावर रागवावं ते कळत नव्हतं आणि राग तर पोटात मावत नव्हता. छावणीत किती गुरं जगली ते सरकारने लिहून ठेवलं असेल. उंबराखाली बसणाऱ्या बायकांचं पुढे काय झालं, ते कुणी विचारलं नाही. डोकं ठणकणारी बाई मला एकदा बाजारात भेटली, कपाळाला घट्ट फडकं बांधलेलं होतं. आजी अंथरुणाला खिळली असं कळलं.

घरात वहिनी विझत चालली. केस विंचरीना. ताटावर बसली की ताटाकडे बघत राही. आमच्याकडे बाईचं मन बिघडलं की घरातली माणसं आधी जवळपासच्या विहिरी आठवतात. मी शाळेत मुलींना पाढे म्हणायला लावून स्वतः त्याच विहिरी आठवत असायची. आईच्याही मनात तेच असावं, कारण वहिनी परसाकडे निघाली तरी ती मागोमाग जायची, काहीतरी कामाचं निमित्त करून.

फाल्गुनात एक दिवस वहिनी भाकरी करत होती. तव्यावर भाकरी नव्हती आणि हिने हात ठेवला. ठेवला आणि काढलाच नाही. आईने ओरडून तिचा हात ओढला. वहिनी म्हणाली, "भाजला व्हय?" आणि तळव्याकडे बघत राहिली. आईने तिच्या हाताला तेल लावलं, चिंधी बांधली. मग चूल विझवली, पदर डोक्यावर घेतला आणि मला म्हणाली, "चल, हिला घिऊन. कुठं हाय ती बाग?"

मी म्हटलं, "आई, तिथं छावणी आहे."

"आसंल एका अंगाला. चल तू."

त्या गावात तिची हयात गेली होती आणि बाग डेपोच्या रस्त्यावर होती. पण विधवेला बागेत काय काम? ती फाटकाच्या आत कधीच गेली नव्हती.

ऊन कलतं होतं. आत धूळ आणि शेणामुताचा वास, दावणीला गुरं. लिंबांचे नुसते सोट उरले होते. उंबराला शेंड्याकडे चार पानं. आई मधोमध उभी राहून सगळीकडे बघत होती. वैरण टाकणारी एक बाई आम्हाला बघून म्हणाली, "बसा की, आज्जी. सावली न्हाई, पर जागा हाय." तिचं बोलणं आईच्या माहेराकडचं होतं. आईने तिला गाव विचारलं नाही. एरवी पहिलं तेच विचारलं असतं.

"कुठं बसायचीस गं तू?" आईने वहिनीला विचारलं.

वहिनीने बांधलेल्या हाताने उंबराची मुळी दाखवली. आई तिथे जाऊन बसली. आम्हीही बसलो. सुकलेल्या पाटात एक वासरू झोपलेलं होतं. पाठीमागे बैल डहाळ्या चघळत होते, त्याचा आवाज येत होता. अंगावर उघडं ऊन येत होतं, तरी कुणी उठलं नाही.

मग वहिनी बोलली. "आत्याबाई, गुरांना पाला लागतो ते समद्यांना दिसतं. मला काय लागतं ते मी कुणाला सांगायचं हुतं?"

"मला सांगायचं."

"तुमी मला नुसतं बसायला सोडलं असतं?"

आईने पदराने तोंड पुसलं. खोटं बोलली असती तर सुनेला बरं वाटलं असतं आणि तिलाही.

"न्हाई," ती म्हणाली. "नसतं सोडलं."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता आईने वहिनीच्या चपला दारात आणून ठेवल्या. "जावा दोघी," म्हणाली. कुठे, कशाला, किती वेळ, काही विचारलं नाही. शेजारीण ओट्यावर होती, तिच्यासमोरच म्हणाली. आम्ही गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. एका बाजूला बाजार, दुसऱ्या बाजूला डेपो आणि दोन्हीकडे सारखंच रखरखीत ऊन. वहिनी थांबली आणि तिने मला विचारलं, "वन्सं, आता कुठं जायचं?"